हेंद्रेची हाक

ब्रिनग्लासच्या शेतावर हे काम दर नोव्हेंबरात व्हायचं आणि त्यात कुणाला सांगण्यासारखं कधीच काही घडत नसे. उन्हाळाभर डोंगरमाथ्यावर चरलेली काळी वेल्श गुरं थंडी कडक व्हायच्या आत खाली आणायची, नदीकाठच्या सखल कुरणात सोडायची, फाटकाला साखळी घालायची आणि घरी येऊन चहा ठेवायचा. न्याहारी करून निघालेली माणसं दुपारच्या जेवणाला घरी परतत. वैभवी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा पहिल्या वर्षी तिने हौसेने फोटो काढून साताऱ्याला आईला पाठवले होते. पुढे तेही बंद झालं. नेहमीच्या कामाचे कोण फोटो काढतं?

त्या वर्षी मात्र सगळं आडवंतिडवं होत गेलं. ऑक्टोबरात तिचा नवरा रीस उतारावर शेतातल्या चारचाकी क्वाडबाइकसकट उलटला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. वैभवी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करायची. इतकी वर्षं दुसऱ्यांची हाडं थंडपणे पाहिली, पण नवऱ्याचं ते दुभंगलेलं हाड स्क्रीनवर उमटलं, तेव्हा तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. रीस आता स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी पाय लांब करून बसलेला असे आणि खिडकीतून डोंगराकडे बघत चरफडत असे. शेजारच्या शेतावरची माणसं सोमवारी मदतीला यायची होती. पण रविवारी माथ्यावर बर्फ पडणार, असं शनिवारी सकाळी रेडिओवर सांगितलं.

आणि गुरांचंही काहीतरी बिनसलं होतं. बरेच दिवस ती चरायचं सोडून कुरणाच्या खालच्या कुंपणाला लागून उभी राहत होती. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, खाली दरीकडे. हंबरणं नाही, ढुशा नाहीत. नुसती उभी. चारा टाकला तर येऊन दोन घास खायची आणि परत जाऊन तशीच उभी राहायची.

"त्यांना खाली जायचंय," सासरे म्हणाले. "मी आजच नेतो."

सासऱ्यांचं नाव गेरेंट. सगळं गाव, अगदी शाळेतली पोरंसुद्धा त्यांना गेरेंटच म्हणत. पण सासऱ्यांना नावाने हाक मारायला वैभवीची जीभ काही वळेना. बाकी बोलणं इंग्रजीत चाले, हाक मात्र ती पहिल्या दिवसापासून 'बाबा' अशीच मारायची, आणि म्हाताऱ्याला ते का कोण जाणे, आवडून गेलं होतं. सत्तरी ओलांडली तरी माणूस ताठ होता. पण गुरं तशी उभी राहायला लागल्यापासून त्यांचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. जेवता जेवता उठत, दार उघडून अंगणात उभे राहत, टोपी कानावरून वर सारत आणि परत येऊन काही न बोलता घास तोंडात घालत.

"डॅड, एकट्याने नाही जायचं," रीस म्हणाला.

"एकटा कुठे? वैभवी आहे. नेल आहे." नेल म्हणजे त्यांची कुत्री. "आणि हा गडी आहे की."

हा गडी म्हणजे अंशुमन, वैभवीचा धाकटा चुलतभाऊ. मँचेस्टरला आयटी कंपनीत होता. दाजींचा पाय मोडला म्हणून भाकरवडी आणि फळं घेऊन वीकेंडला बघायला आला, तो कामाला जुंपला गेला.

"ताई, सीरियसली?" तो मराठीत पुटपुटला. "मी आयुष्यात गाईला हात लावलेला नाही. लास्ट टाइम पुण्यात एक गाय माझ्या स्कूटरची सीट चाटत होती, तर मी स्कूटर तिथेच सोडून रिक्षाने घरी गेलो."

"तुला हात लावायचाच नाहीये रे. एका जागी उभं राहायचं, हात पसरून. बास."

ती जागा म्हणजे दुफाटा. माथ्यावरून उतरणारी वाट अर्ध्यावर फुटते. उजवी वाट कडेकडेने खिंडीतून पलीकडे नदीच्या कुरणांवर जाते. डावी वाट एका लोखंडी फाटकातून पाइनच्या दाट लागवडीत शिरते आणि सरळ खाली उतरते. खाली म्हणजे कुठे, तर पाण्यात. तिथे धरण आहे. इंग्लंडातल्या एका मोठ्या शहराची तहान भागवायला, गेरेंट लहान असताना, ती दरी बुडवली. दरीच्या तळाशी त्यांच्या वडिलांचं घर होतं, गोठा होता, कुरणं होती. हेंद्रे नाव त्याचं. वेल्शमध्ये हेंद्रे म्हणजे थंडीतलं घर. ब्रिनग्लास तेव्हा नुसतं उन्हाळ्याचं ठिकाण होतं. नोव्हेंबर आला की माणसं आणि गुरं दोन्ही हेंद्रेला उतरत. दरी बुडाली तशी माणसं कायमची वर आली, आणि गुरांच्या थंडीसाठी नदीकाठची जमीन घेतली.

वैभवीच्या आईचं माहेरही कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. तिने एकदा बाबांना तो शब्द शिकवला होता, धरणग्रस्त. त्यांनी आपल्या गोल वेल्श उच्चारात तो दोनतीनदा म्हणून पाहिला आणि म्हणाले, "आमच्याकडे याला शब्दच नाही. आम्ही नुसते गप्प बसतो."

निघायला दुपार झाली. हवा स्वच्छ होती, पण थंडी अशी की नाकातून पाणी यावं. दुफाट्यावर पोचल्यावर वैभवीने अंशुमनला डाव्या फाटकापाशी उभं केलं आणि साखळी ओढून दाखवली.

"हे बंदच असतं. तू इथे उभा राहिलास की गुरं तुला बघून उजवीकडे वळतील. काही झालं तरी हलू नकोस."

"आणि माझ्या अंगावर आली तर?"

"येत नाहीत."

"कुणाची गॅरंटी? तुझी की गाईची?"

ती हसली आणि बाबांच्या मागोमाग वर चढू लागली.

माथ्यावर गुरं त्यांची वाटच बघत होती. एरवी फाटक उघडलं की चार पुढे, चार मागे, एखादी कालवड भलतीकडेच उधळलेली, असा प्रकार व्हायचा आणि नेलची धावून धावून जीभ लोंबायची. आज बाबांनी साखळी काढली आणि गुरं एकामागे एक बाहेर पडली. म्हातारी गाय सर्वांत पुढे, बाकीची तिच्या मागे, शाळेतली पोरं रांगेने निघावीत तशी. नेलला करायला कामच उरलं नाही. बाबा पुढे पेंडीची बादली खुळखुळवत चालले होते आणि हाक देत होते. ती हाक त्या घरातली पिढीजात होती. "त्रू वाऽख… त्रू वाऽख…" या गं लहानग्यांनो, या, असा काहीसा तिचा अर्थ. वैभवी सर्वांत मागे होती.

थोडं खाली उतरले, आणि दरीतून धुकं वर आलं. धुकं इथे नवं नाही. पण ते एरवी रेंगाळत येतं, झाडाझाडाला अडत येतं. हे मात्र भरल्या भांड्यातलं दूध वर यावं तसं सरळ वर चढत आलं. आधी बाबा दिसेनासे झाले, मग म्हातारी गाय, मग मधली गुरं. वैभवीला शेवटच्या दोन गाईंची पाठ तेवढी दिसत होती, त्यांच्या अंगातून निघणारी वाफ आणि धुकं एकच झालेलं. आवाजही जवळचे लांब आणि लांबचे जवळ वाटू लागले. खुरांचा चिखलातला फचफच आवाज, बादलीचा खुळखुळाट आणि हाक. त्रू वाऽख… त्रू वाऽख…

चांगलं होतं की. बाबा पुढे आहेत, गुरं शहाण्यासारखी चालली आहेत, मग जीव का असा वरखाली होतोय, हे तिला कळेना. ती भराभर चालू लागली. गुरंही भराभर चालू लागली. तिने पावलं आवरली, तरी गुरांनी आवरली नाहीत.

मग तिच्या लक्षात आलं. बादली थांबली होती. मघापासून थांबली होती. नुसती हाक येत होती. आणि ती हाक बाबांची नव्हती.

शब्द तेच होते, चाल तीच होती. शेवटचं अक्षर किंचित वर उचलून सोडून द्यायची लकबही तीच. पण आवाज कोवळा होता. एखाद्या लहान मुलाचा.

नेलने कान टवकारले. वैभवीला वाटलं, आता ही गुरगुरेल. पण नेलने शेपूट हलवली. ओळखीचं माणूस दारात दिसावं तशी जोरजोरात, सगळं अंग हलवत. आणि ती धुक्यात पळून गेली.

"नेल! नेल, इकडे ये!"

नेल आली नाही. वैभवी पळतच दुफाट्यावर पोचली. अंशुमन उभा होता, पण फाटकापाशी नव्हता. वाटेच्या कडेला, दगडी बांधाला पाठ लावून. आणि डावं फाटक सताड उघडं होतं. शेवटची गाय त्यातून आत शिरून पाइनच्या अंधारात नाहीशी होत होती.

"अंशू! हे काय केलंस? फाटक कुणी उघडलं?"

"मी…" तो चक्रावून तिच्याकडे बघत होता. "तूच म्हणालीस ना?"

"मी काय म्हणाले?"

"तूच ओरडलीस ना, 'अंशू, फाटक उघड' म्हणून? मी म्हटलं, डावं? तर म्हणालीस, 'हो, लवकर उघड, गुरं आली.' आवाज थोडा बारीक वाटला, पण मला वाटलं, धुक्यात तसंच…"

"मराठीत?"

"मग काय वेल्शमध्ये? ताई, अंशू मला घरचेच म्हणतात. इथे तुझ्याशिवाय कोण…" बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते उमगलं. त्याचा चेहरा उतरला. "ताई… तू कुठे होतीस?"

तिने उघड्या फाटकातून आत पाहिलं. "बाबा कुठेत?"

"ते सगळ्यांच्या पुढे होते. मी हॅलो केलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बादली इथेच ठेवून गेले."

बादली खरंच फाटकाच्या खांबापाशी ठेवलेली होती. काळजीपूर्वक, सरळ. टाकून दिलेली नव्हती. वैभवीने ती उचलली.

"तू इथेच थांब. आणि आता मी हाक मारली तरी येऊ नकोस."

"मग कळणार कसं की तू…"

"येऊ नकोस म्हटलं ना!"

पाइनच्या लागवडीत ऊन असलेल्या दिवशीही उजेड पोचत नाही. पायाखाली सुयांसारख्या पानांचा जाड थर, त्यामुळे स्वतःच्या पावलांचाही आवाज येत नव्हता. आजूबाजूला काळ्या खोडांच्या रांगा, आणि मधून जुना डांबरी रस्ता खाली उतरत गेलेला, दोन्ही बाजूंना शेवाळलेले दगडी बांध. खालून ओल्या गाळाचा वास येत होता. आणि त्यात मिसळलेला चुलीचा धूर. वैभवी थबकली. त्या दरीत घर नव्हतं, माणूस नव्हतं. धूर येणार कुठून? पण वास स्पष्ट होता. दगडी कोळशाचा धूर, आणि कुणीतरी शिजायला ठेवलेल्या सुपाचा वाफाळ, खारट वास. आता घरी पोचलो, हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचं, असं वाटायला लावणारा. तिच्या पोटात भूक उसळली, आणि त्या भुकेचीच तिला भीती वाटली.

झाडं संपली आणि समोर पाणी आलं.

उन्हाळा कोरडा गेला होता, त्यामुळे धरण खूप उतरलं होतं. रस्ता उघड्या पडलेल्या गाळातून पुढे जाऊन सरळ पाण्यात शिरत होता आणि त्याचे बांध काही अंतरापर्यंत पाण्यावर डोकं काढून होते. त्या बांधांच्या मधून गुरं पाण्यात चालली होती. घाई नाही, बिचकणं नाही. मागची गुडघाभर पाण्यात, मधली पोटापर्यंत, आणि म्हाताऱ्या गाईचं नुसतं डोकं आणि शिंगं वर. पाण्याचा खळखळाटसुद्धा होत नव्हता. सगळ्यांच्या पुढे, छातीइतक्या पाण्यात बाबा उभे होते. त्यांच्यापलीकडे धुकं पाण्याला टेकलं होतं, आणि त्या धुक्यामागून हाक येत होती.

"त्रू वाऽख… त्रू वाऽख…"

आवाजात घाबरवणारं काही नव्हतं. विनवणी नव्हती की रडू नव्हतं. रोज सांगितलेलं काम करायचं म्हणून करणाऱ्या, थोड्या कंटाळलेल्या पोराचा आवाज होता तो. असं पोर, ज्याला गुरं आत आल्याशिवाय जेवायला मिळणार नाही.

"बाबा!" वैभवी किंचाळली. "बाबा, मागे फिरा!"

त्यांनी मान वळवली नाही. तिने पुढचा विचार केलाच नाही. गुरांच्या बाजूने, बांधाचा आधार घेत ती पाण्यात उतरली. थंडीने श्वासच अडकला. बुटांत पाणी भरलं, पाय शिशासारखे झाले. गाईंच्या ओल्या कुशी तिला घासत होत्या, आणि एकीनेही तिच्याकडे बघितलं नाही. बाबांपर्यंत पोचून तिने त्यांचा कोट मुठीत धरला.

"बाबा, चला. कृपा करून चला."

"ऐकलंस?" ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा शांत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऐकतेस ना तू?"

"ऐकतेय. कोण आहे तो?"

"मी आहे."

वैभवीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तो माझा आवाज आहे, वैभवी. हे माझं काम होतं. नोव्हेंबरात वडील गुरं घेऊन माथ्यावरून निघायचे, आणि मी खाली, हेंद्रेच्या फाटकावर उभा राहून हाका मारायचो. गुरं आत येईपर्यंत तिथेच थांबायचं, हाका सोडायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलेलं. त्या शेवटच्या वर्षी… मी उभा होतो. हाका मारत होतो. आणि आई मागून आली, तिने मला उचललं आणि ट्रकमध्ये बसवलं. गुरं वरच ठेवली होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं…" त्यांचे दात थंडीने वाजत होते. "मला वाटायचं, मी तिथून निघालो. नाही निघालो मी. तो बघ, अजून उभा आहे."

"बाबा, तुम्ही इथे आहात. माझ्याजवळ."

"मग तो कोण आहे?"

धुक्यामागची हाक थांबली. क्षणभर पाण्यावर हूं की चूं नाही. मग तोच कोवळा आवाज वेल्शमध्ये काहीतरी म्हणाला, प्रश्न विचारावा तसं. बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं. म्हातारी गाय पुढे सरली, आणि तिच्या पायाखालचा रस्ता संपला असावा. तिचं डोकं एकदम पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. तरीही ती वळेना.

"ती बुडतेय! बाबा, हाक द्या! तुमची हाक द्या, तुमचं ऐकतील ती!"

"त्याला एकट्याला ठेवून?"

ते अशा आवाजात म्हणाले, की वैभवीचा हात कोटावरून सुटता सुटता राहिला. त्यांना ओढून नेण्याएवढं बळ तिच्यात नव्हतं. कमरेखालचं अंग बधिर झालं होतं. तिला रीस आठवला, खिडकीपाशी बसलेला. त्यांना जाताना बघितलेला. आणि का कोण जाणे, तिला आई आठवली, बुडालेल्या घराच्या दिशेला तोंड करून दर वर्षी नैवेद्य ठेवणारी, त्या घराला 'जेव बाई, आम्ही बरे आहोत' असं म्हणणारी.

"मग त्याला सांगा," ती म्हणाली. "गुरं येईपर्यंत थांबायचं, असंच सांगितलं होतं ना त्याला? मग सांगा, गुरं पोचली. त्याचं काम झालं. कुणीतरी सांगायला नको का त्याला?"

बाबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, छाती भरून श्वास घेतला आणि धुक्याकडे तोंड करून वेल्शमध्ये ओरडले. दोन वाक्यं. पहिलं मोठ्याने. दुसरं म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

पलीकडे शांतता पसरली. कुणीतरी ऐकून विचार करत असावं, अशी.

आणि मग बाबांनी मागे वळून, काठाकडे तोंड करून हाक दिली. सत्तर पावसाळ्यांनी घोगरा झालेला, थंडीने थरथरणारा आवाज. "त्रू वाऽख! त्रू वाऽख!" वैभवीने बादली डोक्यावर धरून जिवाच्या आकांताने खुळखुळवली. "चला गं बायांनो! चला, चला!" तीही ओरडू लागली, कुठल्या भाषेत ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

सर्वांत मागची कालवड आधी वळली. मग तिच्यापुढची. एकदम सगळं पाणी जागं झालं. गुरं हंबरू लागली, धडपडू लागली, घाबरून एकमेकींना ढकलू लागली; मघाशी नसलेली भीती आता त्यांना आठवली होती. म्हातारी गाय नाकपुड्या फुगवून पोहत परत आली आणि बाबांच्या खांद्याला घासून पुढे गेली. नेल कुठल्याशा बांधावर चढून, ओलीचिंब, भुंकत होती.

काठावर आल्यावर वैभवीने मागे पाहिलं. धुकं पाण्यावरून उठत होतं. पलीकडे काही नव्हतं. नुसतं करडं पाणी आणि त्यात उतरत गेलेला रस्ता.

गुरं नदीकाठच्या कुरणात पोचली, तेव्हा दिवस कलला होता. अंशुमनने एकाही गाईला न घाबरता फाटक धरलं, साखळी घातली, ती ओढून पाहिली, परत ओढून पाहिली. घरी रीसला एवढंच सांगितलं, की गुरं चुकून धरणाकडे गेली आणि ती काढता काढता भिजलो. त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःची घोंगडी पुढे केली. ओले बूट मागच्या पडवीत काढून ठेवले. वैभवीने खिचडी टाकली, बाबांना शेगडीपाशी घोंगडीत गुंडाळून बसवलं. ते ताट चाटूनपुसून जेवले आणि लवकर झोपले. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ते जेवता जेवता दाराशी गेले नव्हते. वैभवीच्या जिवात जीव आला.

सकाळी ती उठली तेव्हा बर्फ पडून थांबलं होतं. अंगण, वाट, डोंगर, सगळं पांढरं, कुठे एक ओरखडासुद्धा नाही. बाबा पडवीत उभे होते, पायात नुसते मोजे.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

त्यांचे बूट भिंतीशी नीट जोडून ठेवलेले होते, आणि त्यांत गवत भरलेलं होतं. पार टाचेपर्यंत, दाबून. वाळलेलं, सुटं, सोनेरी गवत, त्यात वाळकी रानफुलं. जून महिन्याचा वास सुटला होता त्याला. वैभवी बघतच राहिली. असं गवत तिने इथे कधी पाहिलं नव्हतं. या भागात आता कुणी सुटं गवत वाळवत नाही. काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले आंबूस गठ्ठे, तेवढाच चारा.

"नाही बाबा. मी नाही. अंशूला तर हे सुचणारसुद्धा नाही."

"ओले बूट असे वाळवतात," ते म्हणाले. "आमच्याकडे तशी पद्धत होती. वडील भिजून आले की हे माझं काम…"

"बाबा, काल तुम्ही त्याला काय ओरडून सांगितलंत?"

"तू सांगितलंस तेच. गुरं पोचली म्हणून."

"आणि दुसरं? तुम्ही दोनदा ओरडलात."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक लोट घसरून खाली पडला.

"मी म्हटलं, आता घरी ये."

वैभवीने खाली पाहिलं. अंशुमनचे बूट कोपऱ्यात होते, तसेच, आडवेतिडवे, रिकामे. त्यांच्या शेजारी तिचे बूट. कुणीतरी तेही पुसून, एकाशेजारी एक जोडून ठेवले होते, आणि त्यांत काठोकाठ गवत भरलं होतं. ती वाकली आणि तिने आत हात घातला. पडवीतल्या बादलीतलं पाणी गोठून दगड झालं होतं. गवत मात्र ऊबदार होतं.